वेदपाठशाळेतून परतलेला भाऊ: पुढचं कसं लावायचं?

पोफळी (गुहागर)

नमस्कार. इथे बरेच दिवस वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच. विषय घरचा आहे आणि नातेवाइकांत बोलायची सोय नाही, म्हणून इथे मांडते.

माझा धाकटा भाऊ पाचवी झाल्यावर वेदपाठशाळेत गेला. घाटावरची निवासी पाठशाळा, नाव लिहीत नाही. जायचा हट्ट त्याचाच होता. आजोबा रोज पूजेला पुरुषसूक्त म्हणायचे, हा त्यांच्या मांडीला टेकून ऐकायचा आणि ऐकून ऐकूनच त्याला ते यायला लागलं. पाठशाळेत ऋग्वेदाची संहिता (सलग पाठ) झाली, पद (शब्द सुटे करून पाठ) झालं, आणि क्रम (दोन-दोन शब्द जोडत पाठ) चालू असताना यंदा वैशाखात तो परत आला. भांडून नाही, पळूनही नाही. गुरुजींना नमस्कार करून, सांगून आला. कारण विचारलं तर एवढंच म्हणतो, "मला आता तिथे राहायचं नव्हतं." आता १९ वर्षांचा आहे.

पहाटे साडेचारला उठतो, विहिरीवर आंघोळ करतो, संध्या करतो आणि ओटीवर बसून म्हणायला लागतो. थोड्या वेळाने मधेच आवाज थांबतो. मग तो नुसता आगराकडे बघत बसतो. बागेत शिंपायला सांगितलं की शिंपतो, सुपारी सोलायला बसवलं की सोलतो. स्वतःहून कशालाही हात लावत नाही. आधी हा मुलगा असा नव्हता.

परवा त्याला बँकेत खातं उघडायला घेऊन गेले. म्हटलं, फॉर्म तूच भर. नाव, पत्ता, जन्मतारीख सावकाश लिहिली. शिक्षणाच्या रकान्याशी पेन थांबलं. मागे रांग होती. खिडकीतल्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी मदत म्हणूनच विचारलं, "शाळा कितवीपर्यंत?" हा म्हणाला, "पाचवी." बाईंनी लिहिलं आणि कागद पुढे गेला. १० मंडलं, १०२८ सूक्तं ज्याला मुखोद्गत आहेत तो त्या कागदावर पाचवी पास आहे. परत येताना एसटीत तो एक शब्द बोलला नाही. मीही बोलले नाही, काय बोलणार?

वाडीतली निम्मी माणसं खूश आहेत. आमचे भटजीकाका थकले, आता घरचाच गुरुजी मिळाला, गणपतीला आमची घरं घे, असं सांगून जातात. बाकीची "अर्धवट सोडून आला" म्हणतात, तेही आईच्या कानावर पडेल अशा बेताने. बाबांचं मत आहे की गणपतीपासून सुरुवात करावी. भाऊ म्हणतो, "मला पूजा सांगता येत नाही." यावर घरात कोणाचाच विश्वास बसत नाही.

यातून गेलेलं कोणी इथे असेल, कुठल्याही धर्माचं, पंथाचं, तर कृपा करून लिहा. दहावीचं काय करता येईल, आणि घरात आम्ही त्याच्याशी कसं वागावं. दुसरा प्रश्न मला जास्त छळतो आहे.

कलमबाग (राजापूर)

पोफळीताई, तुमच्या भावाच्या जागी मी होतो. संहिता, पद, क्रम करून जटेच्या, म्हणजे त्यापुढच्या अवघड पाठाच्या, अलीकडे परतलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. सध्या आंबा कॅनिंगच्या एका कारखान्यात हिशेबाला आहे. तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवणार होतो, पण इथेच लिहितो. अशी घरं कोकणात बरीच आहेत.

आधी त्याच्या त्या वाक्याबद्दल. पूजा सांगता येत नाही हे तो अगदी खरं सांगतो आहे, लाजून नव्हे. आम्ही जे शिकतो ते संहितेचं अध्ययन. गुरुजी चरण म्हणतात, आम्ही तो स्वरासकट तसाच्या तसा परत म्हणतो. अशी संथा झाली की आवृत्त्या, म्हणजे तेच पुन्हा पुन्हा म्हणणं. उदात्त-अनुदात्त, म्हणजे स्वराचा चढ-उतार, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. यात सत्यनारायण कुठेच येत नाही. गणपतीची प्राणप्रतिष्ठा, वास्तुशांत, लग्न, श्राद्ध ही याज्ञिकी, म्हणजे प्रयोगाचा अभ्यास. त्याच्या पोथ्या वेगळ्या, शिकवणारे बरेचदा वेगळे. काही पाठशाळांत दोन्ही शिकवतात, काहींत नाही. त्यातले कितीतरी मंत्र आम्हाला येत असतात. पण कुठला कधी म्हणायचा, यजमानाच्या हातात कधी पळी द्यायची आणि कधी अक्षता, मांडणीत कलश कुठे, घरात लहान मूल रडतंय, चाकरमानी मोबाइलवर चित्रीकरण करतायत आणि पुढच्या घरचं माणूस दारात येऊन उभं आहे, तेव्हा कुठे आटोपतं घ्यायचं, हे सगळं शिकावं लागतं. चतुर्थीच्या दिवशी आपल्याकडे एकेका भटजीला किती घरं असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या बरोबरच्या एकाला त्याच्या गावाने असंच पहिल्या वर्षी उभं केलं. दुसऱ्या का तिसऱ्या घरात तो अडखळला. कोणीतरी म्हणालं, "इतकी वर्षं मग केलं काय?" तो त्यानंतर कोणाच्या देव्हाऱ्यासमोर बसलेला नाही.

तेव्हा बाबांना हात जोडून सांगा, यंदा कोणाचं घर धरू नका. भावाला स्वतःला वाटलं तर भटजीकाकांच्या बरोबर जाऊ दे, पळी-पंचपात्र मांडायला. वाटलं तर.

ओटीवर आवाज थांबतो म्हणालात ना, ते वाचून मी बराच वेळ पुढचं वाचू शकलो नाही. ऋग्वेदात एकसारखे चरण जागोजागी येतात. एकट्याने म्हणताना एका सूक्तातून दुसऱ्यात कधी शिरलो ते कळत नाही. पाठशाळेत शेजारचा लगेच कोपराने ढोसतो, किंवा त्याचा आवाज पुढचा शब्द धरून ठेवतो. एकट्याने म्हणायची आम्हाला सवयच नसते. घरी तो एखाद्या जागी घसरत असणार, सावरायला कोणी नाही, आणि घसरला की आतून एकच भीती वाटते, की चाललं सगळं. इतकी वर्षं दिली ती एकेक ओळ करून चाललीत. त्याला ते कोणाला सांगताही येत नसणार, कारण घरात ऐकून चूक कळणारं कोणी नाही.

उपाय साधा आहे. बरोबर शिकलेला एखादा मित्र शोधा आणि ठरल्या वेळेला फोनवर दोघांनी मिळून आवृत्ती करू दे. पाठशाळा सोडली तरी पाठ सोडायलाच हवा असं नाही, आणि पाठ ठेवला म्हणून गुरुजी व्हायलाच हवं असंही नाही. ही दुसरी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, ती समजायला फार वर्षं गेली.

आता घरातलं. मी आलो तेव्हा आईने माझ्यासाठी कांदा-लसूण नसलेलं वेगळं पातेलं चढवायला सुरुवात केली. मी मागितलं नव्हतं. मी पाटावर बसलो की काकू हळू आवाजात बोलायच्या, चुलत भाऊ टीव्ही बंद करायचे. सगळे जपून वागत होते. पण "जा रे, विळी आण", "नारळ सोल", "काल कुठे उंडारत होतास" असं मला कोणी म्हणत नव्हतं. मी त्या घरात पाहुणा होतो, आणि पाहुण्याला किती दिवस राहणार हे विचारत नाहीत एवढंच. ताई, त्याला कामं सांगा, पण नुसती हाताची नकोत. सुपारीचा व्यापारी येईल तेव्हा भाव त्याला बोलू दे. फसला तर फसू दे. आम्हाला दक्षिणा घेता येते, पैसे मागता येत नाहीत. ते शिकायला व्यापाऱ्यासारखा माणूस नाही.

खारवी कन्या (जयगड)

कलमबाग, फार मनापासून लिहिलंत. वेद येणाऱ्याला पूजा सांगता येईलच असं नाही, हे मला आज कळलं. आमच्या वाडीत गेल्या वर्षी एका मुलाला लोकांनी याच्यावरून नावं ठेवली होती. पोफळी, तुझ्या भावाला शुभेच्छा.

आडवाट (खारेपाटण)

माझं मत कदाचित आवडणार नाही, पण धाग्यात कोणीतरी मांडायला हवं. १०-११ वर्षांच्या मुलाचा हट्ट म्हणजे निर्णय नव्हे. २००९चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलासाठी केला, आणि २०१२च्या दुरुस्तीने वेदपाठशाळा, मदरसे आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था त्यातून वगळल्या. म्हणजे ज्या मुलांना त्या कायद्याची सर्वांत जास्त गरज होती तीच बाहेर राहिली. कोकण बोर्ड दरवर्षी दहावीच्या निकालात राज्यात पहिलं येतं, त्याचे पेढे आपण वाटतो. त्याच कोकणातला मुलगा बँकेत "पाचवी" म्हणतो, याची जबाबदारी त्या मुलावर का? संस्थेने त्याला गणित आणि इंग्रजी का शिकवलं नाही? इतकी वर्षं सांभाळलेल्या मुलाला परत पाठवताना हातात एक कागद द्यावा असं कोणाला वाटलं नाही?

पोफळी

आडवाट, राग अजिबात आला नाही. आई-बाबांनी त्याला पाठवलं ते प्रेमाने आणि त्याच्याच हट्टाखातर, ते मी पाहिलेलं आहे. पण कागदाबद्दल तुम्ही म्हणता ते पटतं. आम्ही विचारलं होतं. "आमच्याकडे परीक्षा गुरुजी तोंडी घेतात, सरकारी प्रमाणपत्राची पद्धत नाही" असं उत्तर मिळालं. तिथे त्याला माया मिळाली, वेळेवर जेवण मिळालं, विद्या मिळाली, हेही तितकंच खरं आहे. मला दोन्ही लिहायलाच हवं.

निवृत्त मास्तर (रत्नागिरी)

पोफळी बाळ, कागदाचं मी सांगतो. ३०-३५ वर्षं माध्यमिक शाळेत काढली आहेत.

सगळ्या वेदपाठशाळांची स्थिती सारखी नाही. उज्जैनला महर्षी सांदीपनी राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठान आहे, केंद्र सरकारचं, १९८७ साली स्थापन झालेलं. त्यांच्याशी संलग्न पाठशाळांत वेदाबरोबर इंग्रजी, गणित असे विषय असतात. वेदभूषण ही परीक्षा दहावीच्या आणि वेदविभूषण ही बारावीच्या बरोबरीची धरतात. २०२२ मध्ये भारतीय विश्वविद्यालय संघाने ती समकक्षता मान्य केली. या धाग्यावर कोणाचं मूल आज पाठशाळेत असेल किंवा जाणार असेल, तर प्रवेशाच्या दिवशीच विचारा की पाठशाळा संलग्न आहे का आणि परीक्षेला बसवता का. परत आल्यावर विचारून उपयोग नसतो.

तुझ्या भावाची पाठशाळा संलग्न नाही असं दिसतं. मग त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरावा. राज्य मंडळाची दहावी खाजगीरीत्या देता येते, पाचवी झालेली असली तरी. गावच्या जिल्हा परिषद शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला काढा, आधार आणि फोटो ठेवा. अर्ज पावसाळ्यात सुरू होतात, तारीख मंडळाच्या संकेतस्थळावर बघा. जवळचं हायस्कूल संपर्क केंद्र म्हणून निवडायचं असतं. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची. तिथे दहावीला पाच विषय निवडायचे असतात आणि भारतीय ज्ञान परंपरेच्या विषयांत वेदाध्ययन आणि संस्कृत व्याकरणही आहे. त्याला स्वतःच्या विषयात बसायचं असेल तर ही वाट सोपी. गावातल्या मुलांबरोबर, त्यांच्याच परीक्षेला बसायचं असेल तर सतरा नंबर. कुठली ते त्याला ठरवू दे.

बारावी झाल्यावर संस्कृत पुढे शिकायचं असेल तर लांब जायला नको. रामटेकच्या कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठाचं उपकेंद्र रत्नागिरीत आहे, भारतरत्न पां. वा. काणे यांच्या नावाने. संस्कृत नको असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कृषी तंत्र पदविका दहावीवर मराठीतून करता येते. बाग घरचीच आहे तुमची.

वेदपठणाच्या परंपरेचा २००३ मध्ये युनेस्कोने गौरव केला तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमान मिरवला. ती परंपरा ज्यांच्या जिभेवर जिवंत राहते ती पोरं घरी येऊन काय करतात, याची चौकशी करायलाही कोणीतरी हवं होतं.

कलमबाग

सर, एक भर घालतो, कारण यात मी पोळलो आहे. त्याच्या पाठांतराची काळजी करू नका. इतिहास, भूगोल, विज्ञानाच्या व्याख्या तो बसल्या बसल्या पाठ करेल. अडचण लिहिण्याची येणार. आमचं सगळं शिक्षण तोंडी. वर्षानुवर्षं सलग दोन पानंही लिहिलेली नसतात. तीन तासांचा पेपर म्हणजे पहिल्या तासालाच बोटं आखडतात, आणि येत असलेलं उत्तर अर्ध्यावर राहतं. आजपासून रोज तासभर घड्याळ लावून लिहायला बसवा. काहीही लिहू दे, वर्तमानपत्रातला मजकूर उतरवला तरी चालेल. गणिताला मात्र शिकवणारा माणूसच हवा.

हर्णै बंदर

पोफळीताई, सलाम. तुम्ही कुठल्याही धर्माचं म्हणालात म्हणून लिहितो. मी हाफिज आहे, म्हणजे अख्खं कुराण पाठ असलेला. चौथीनंतर मदरशात गेलो, कुराणाचे ३० पारे (भाग) पाठ केले, परत आलो तेव्हा मिसरूड फुटत होतं. अब्बांची मासेमारीची बोट. घरात पहिल्या दिवशी दावत झाली, सगळ्या मोहल्ल्याने गळाभेट घेतली. पुढच्या आठवड्यात मी काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं.

कलमबाग यांनी लिहिलेलं कोपराने ढोसणं वाचलं आणि अंगावर काटा आला. आमच्याकडेही सारख्या आयती आहेत, तिथेच पाय घसरतो. रमजानमध्ये तरावीहला, म्हणजे रात्रीच्या खास नमाजाला, हाफिज पुढे उभा राहून अख्खं कुराण महिनाभरात ऐकवतो आणि मागे दुसरा हाफिज असतो, चुकलं की तो लुकमा देतो, म्हणजे पुढचा शब्द सांगतो. पहिल्या वर्षी मला लुकमा घ्यावा लागला की मी रात्रभर झोपत नसे. मग आमच्या उस्तादांनी समजावलं, लुकमा देणारा मागे ठेवलाय तो चुकणार हे धरूनच. त्या दिवसापासून हलकं वाटलं.

मी बोटीवर गेलो. खलाशी म्हणून पहिलं काम जाळं ओढायचं. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, अब्बांचा दोस्त होता, तो सगळ्यांना सांगून बसला होता की याच्यासमोर शिवी द्यायची नाही. त्यामुळे मी आलो की बोटीवर सगळे गप्प. कलमबागना पाहुण्यासारखं वाटलं, तसंच हे. शेवटी मीच तांडेलला सांगितलं, चाचा, यांना बोलू द्या, नाहीतर मला कोणी कामच शिकवणार नाही. पुढे इंजिनाचं काम शिकलो, सतरा नंबर भरून दहावी काढली. आता बंदरात इंजिन दुरुस्तीचं माझं दुकान आहे. जून-जुलैला मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी किनाऱ्यावर आणि कामाचा ढीग, तरी पहाटे फज्रच्या नमाजानंतर मी पाव पारा म्हणतोच, दुकान उघडायच्या आधी. आमचा एक साथी कुवेतला असतो, तो फोनवर ऐकतो. रमजानमध्ये अजूनही तरावीह पढवतो. मी मौलाना झालो नाही म्हणून काही दिवस अम्मी रडली. आता दुकानावरची पाटी तीच पुसते.

भावाला माझा सलाम सांगा. हर्णैला आलात तर संध्याकाळचा मासळीचा लिलाव दाखवायला नेईन त्याला, खायला नको असेल तर नुसता बघू दे. भाव बोलणं शिकायचं तर ती जागा आहे.

तेरेखोल (सावंतवाडी)

मी ख्रिस्ती. गोव्यात राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याचं शिक्षण देतात तिथे होतो, तत्त्वज्ञानाची वर्षं पूर्ण करून बाहेर पडलो. माझ्या बाबतीत एक गोष्ट चांगली झाली. निघण्याच्या आधी तिथले फादर माझ्याशी कित्येक महिने बोलत होते. जायचं की राहायचं, हा निर्णय घाईत होऊ दिला नाही, आणि जाणं म्हणजे देवाला नाही म्हणणं, असं कोणी म्हणालं नाही. घरच्यांशी मात्र कोणी बोललं नव्हतं. गावात पावलोपावली, "रे, फादर कदी होतलस?" ज्यांना कळलं होतं ते त्याहून वाईट, ते काहीच विचारत नसत.

पोफळी, भाऊ स्वतःहून काही करत नाही असं लिहिलंस. तिथे घंटा होते. उठायची घंटा, प्रार्थनेची, जेवणाची, अभ्यासाची, झोपायची. बाहेर आल्यावर सकाळी कुठला शर्ट घालायचा हेही मला ठरवता येत नव्हतं, दुकानात उभा राहून रडायची वेळ आली होती. लोकांना तो आळस वाटतो. तो आळस नसतो. इतकी वर्षं दिवस दुसऱ्याने आखून दिलेला असतो, आणि एकदम मोकळा दिवस समोर येतो. त्याला म्हणा, दिवसातल्या दोन वेळा तू ठरव आणि त्या पाळ, बाकीचा दिवस कसाही जाऊ दे. मी संध्याकाळी फुटबॉल खेळायला जायचं ठरवलं होतं. पहिले काही दिवस मैदानाच्या कडेला उभा राहून परत आलो, मग पोरांनी ओढून घेतलं.

आणि का सोडलंस हे विचारू नका. मला स्वतःला ते नीट सांगता यायला पाच-सहा वर्षं लागली. तोवर जी कारणं दिली ती समोरच्याला गप्प करण्यापुरती होती.

माहेर संगमेश्वर

मी बायकोच्या बाजूने लिहिते. माझे मिस्टर आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत होते, चार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला. जोग महाराजांनी १९१७ साली काढलेली संस्था, आमच्याकडची बरीच मुलं तिथे जातात. पुरा करून आलेल्यालाही हे सगळं चुकत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. अर्धवट सोडलं म्हणून तुझ्या भावाचं असं झालं, असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस.

लग्न झालं तेव्हा हे घरी सगळ्यांना माउली म्हणायचे, वारकऱ्यांत तशी रीतच आहे. मलाही माउली. खाली बघून बोलायचे. मुलींशी बोलायचा प्रसंगच आला नव्हता त्यांच्यावर, आणि मला वाटायचं मी आवडत नाही. नावाने हाक मारायला वर्ष गेलं. भिक्षुकी किंवा कीर्तन करणाऱ्या मुलांना मुली द्यायला लोक तयार नसतात, त्याची चर्चा सगळीकडे होते. पण त्या मुलांना घरातल्या बायकांशी, बहिणींशी, वहिनींशी साधं बोलायची सवय लागावी म्हणून कोणी काही करत नाही. पोफळी, तू बहीण आहेस, हे काम तुझ्याकडून होईल. त्याच्याशी भांड. खरंच सांगते.

आता हे एसटीत वाहक आहेत. सुट्टीच्या दिवशी कीर्तन असतं, बिदागी मिळते ती देवाच्या पेटीत ठेवतात, पगारावर घर चालतं. लोक म्हणतात कंडक्टर कीर्तनकार कसा? माझे सासरे त्यावर सोनोपंत दांडेकरांचं नाव घेतात. ते आपल्या कोकणातलेच, केळवे-माहीमचे. जोग महाराजांचे शिष्य, आळंदीच्या संस्थेच्या उभारणीत होते, आणि पुण्यात एसपी कॉलेजचे प्राचार्यही. नोकरी करून कीर्तन करता येतं हे सांगायला तेवढं नाव पुरतं.

आडवाट

हा धागा वाचून माझं मूळ मत बदललेलं नाही, पण एक कबूल आहे. चारही अनुभवांत संस्थेत काय शिकवलं यापेक्षा तिथून निघताना आणि घरी पोचल्यावर काय झालं, यानेच फरक पडलेला दिसतो. गावात मी शिकवण्या घेतो, पोफळी. गुहागर लांब पडतं, पण ऑनलाइन चालणार असेल तर गणित मी घेईन. पैशाचा विषय काढू नका.

पोफळी

सगळ्यांना उत्तर द्यायला फार उशीर झाला. गणपती, मग गौरी, मग भातकापणी.

भावाला अख्खा धागा वाचायला दिला. आधी रागावला, "माझ्याबद्दल लिहिलंस?" मग रात्री उशिरापर्यंत वाचत बसला होता. सकाळी त्याने मला कलमबाग यांचा ओटीवरचा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाला, "आठव्या मंडलात होतं ते माझं." त्याच दिवशी त्याने आपल्या एका सहाध्यायाला फोन लावला. आता पहाटे फोन ओटीच्या कठड्यावर ठेवून दोघं म्हणतात. अजूनही थांबतो, पण आता पलीकडून दुसरा आवाज येतो आणि गाडी पुढे जाते.

बाबांशी बोलणं कठीण गेलं. त्यांनी दोन घरांना शब्द दिला होता. शेवटी मास्तरांचा आणि कलमबाग यांचा मजकूर छापून त्यांच्या चष्म्यापाशी ठेवला. त्यांनी काही म्हटलं नाही, पण दोन्ही घरी स्वतः जाऊन सांगून आले. चतुर्थीला भाऊ भटजीकाकांबरोबर फक्त आमच्या वाडीतल्या घरांना गेला, मांडणीला. एका घरी काकांना ठसका लागला तेव्हा पुढचं अथर्वशीर्ष याने म्हटलं. आई खिडकीतून ऐकत होती. याज्ञिकी शिकायची का, असं काकांनी विचारलंय. बघतो म्हणाला.

सतरा नंबरचा फॉर्म भरला. गावातल्या मुलांबरोबरच बसायचं म्हणाला, ते त्याचं त्याने ठरवलं. रोज तासभर लिहितो, अक्षर मोठं आणि गोल आहे, पानाला पान लागतं. सुपारीच्या व्यापाऱ्याशी भाव बोलला, बाबांना मिळतो त्याहून थोडा कमी मिळाला. बाबा गप्प राहिले, हे मला फार बरं वाटलं. आणि माहेर संगमेश्वर, आम्ही भांडलो. मोबाइलच्या चार्जरवरून, चांगलं कडाक्याचं.

अजून सगळं ठीक आहे असं नाही. काही दिवस तो उठतच नाही. काही दिवस जेवतो आणि समुद्रावर निघून जातो, अंधार पडल्यावर येतो. पाठशाळेतून परत यायचा निरोप आला होता, त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. आम्ही विचारत नाही.

आडवाट, गणित कधीपासून सुरू करायचं? भूमितीची त्याला भीती वाटते.

आडवाट

सोमवारी संध्याकाळी सात. पहिला आठवडा नुसते अपूर्णांक आणि टक्केवारी, भूमिती दिवाळीनंतर. वही दोनशे पानी घ्यायला सांगा.

कलमबाग

रविवारी सकाळी मी आणि इथले एक वयस्कर वैदिक ऋग्वेदातल्या पवमान सूक्तांची आवृत्ती करतो. फोनवर त्याला जोडून घेतो, दोघांना तिसरा हवाच होता. नंबर निरोपात पाठवलाय. आणि पाठशाळेच्या निरोपाला कधी आणि काय उत्तर द्यायचं ते त्याच्यावर सोडा. पण गुरुजींना गुरुपौर्णिमेला पत्र पाठवावंसं वाटलं तर अडवू नका. मी अजून पाठवतो, आणि ते उत्तर देतात.